मूल एक, फायली चार : केंद्रातल्या नोंदींबद्दल वाचकांचे प्रश्न

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या नोंदी कशा ठेवाव्यात, आणि एका केंद्राने लिहिलेलं दुसऱ्या केंद्राला जसंच्या तसं कसं वाचता यावं, याबद्दल मुंबईहून आलेली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेची चेंबूर, कुर्ला आणि मानखुर्द इथे अर्ली इंटरव्हेन्शनची, म्हणजे लहान वयातच थेरपी आणि मदत देणारी, तीन केंद्रं आहेत. प्रत्येकीची एक्सेल वेगळी. वर्षात किती मुलं आली, असं देणगीदारांनी विचारलं की आमच्या तिघींचे आकडे जुळत नाहीत. विश्वस्त म्हणतात, सॉफ्टवेअर घ्या. सुरुवात कुठून करावी?
– समन्वयक, चेंबूर

उत्तर : सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. तुमची अडचण शब्दांची आहे, आणि ती न सोडवता सॉफ्टवेअर घेतलंत तर हेच न जुळणारे आकडे जरा चकचकीत पडद्यावर दिसतील.

‘दाखल’ हा एकच शब्द घ्या. एका केंद्रात फॉर्म भरला त्या दिवशी मूल दाखल. दुसरीकडे पहिलं असेसमेंट झालं की दाखल. तिसरीकडे थेरपी सुरू झाली की दाखल. मार्चमध्ये फॉर्म भरून जूनमध्ये थेरपी सुरू झालेलं मूल एका केंद्रात गेल्या वर्षात मोजलं जातं आणि दुसऱ्यात या वर्षात. कुर्ल्याला नाव घालून मग चेंबूरला येऊ लागलेलं मूल दोनदा मोजलं जातं, आणि फॉर्म भरून परत न आलेलं मूलही एका आकड्यात असतं. चूक कुणाचीच नाही, कारण व्याख्या कधी ठरलीच नव्हती.

डेटाचं सामायिक मानक म्हणजे प्रत्येक रकान्याबद्दल चार गोष्टी लेखी ठरवणं : रकान्याचं नाव, एका वाक्यात त्याचा अर्थ, त्यात काय काय लिहिता येतं त्याची यादी, आणि लिहिण्याची पद्धत. ‘दाखल’ रद्द करा आणि त्याजागी तीन तारखा ठेवा : पाठवणी आली ती तारीख, पहिलं असेसमेंट पूर्ण झालं ती तारीख, पहिली सेवा मिळाली ती तारीख. मग ‘किती मुलं’ याचं उत्तर व्याख्येसकट देता येतं : ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात ज्यांना किमान एक सेवा मिळाली, अशी वेगवेगळी मुलं.’

आता काम. तिन्ही एक्सेलमधल्या रकान्यांची शीर्षकं एका मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी लिहा. एकाच अर्थाची जोडा. नाव एक पण अर्थ वेगळा, त्यांना लाल खूण करा. खरी मेहनत तिथेच आहे. तीन केंद्रांत मिळून साठ-सत्तर शीर्षकं निघाली तरी घाबरू नका. पहिल्या वर्षी २५ रकाने पुरेत. उरलेला प्रत्येक रकाना ‘हा पाहून आपण कोणता निर्णय घेतो?’ या प्रश्नावर तपासा. निर्णय नसेल तर रकाना काढा. जो रकाना कुणी वाचत नाही तो पुढे कुणी नीट भरतही नाही.

‘कुणी पाठवलं’ याची यादी आधीच ठरवा : आरबीएसके पथक (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं तपासणी पथक), अंगणवाडी सेविका, रुग्णालय, बालवाडी किंवा शाळा, पालक स्वतःहून, इतर. मोकळा रकाना ठेवलात तर ‘सायन’, ‘सायन हॉस्पिटल’, ‘टिळक रुग्णालय’ आणि ‘एलटीएमजी’ अशी चार नावं येतील, आणि रुग्णालय मात्र एकच असेल. वॉर्डाचंही तसंच. ‘एम पूर्व’, ‘एम/पू’ आणि नुसतं ‘गोवंडी’ हे संगणकाला तीन वेगळे भाग वाटतात.

आणि ‘सेशन’ मोजू नका, मिनिटं मोजा. एका केंद्राचं सेशन ३० मिनिटांचं, दुसऱ्याचं ४५चं. दोघींनी ‘महिन्यात ८’ लिहिलं तर एका मुलाला २४० मिनिटं मिळाली आणि दुसऱ्याला ३६०. ठरलेली मिनिटं आणि प्रत्यक्ष मिळालेली मिनिटं असे दोन रकाने ठेवा. मूल मागे का पडतंय हे शोधताना पहिल्यांदा या दोन आकड्यांतलं अंतर पाहा.

प्रश्न : आमच्याकडे सगळी माहिती एक्सेलमध्ये आहे. वयं चुकीची येतात, नावं शोधायला गेलं तर सापडत नाहीत, आणि सरल या राज्याच्या शालेय नोंद प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक दुसऱ्या शाळेला पाठवला की शेवटचे आकडे शून्य झालेले असतात. काय चुकतंय?
– विशेष शिक्षिका, मुलुंड

उत्तर : तिन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि तिन्ही सगळीकडे आढळतात.

आधी वय, कारण त्यात मुलाचं नुकसान होतं. आपण ०१/१२/२०२२ लिहितो ते १ डिसेंबर म्हणून. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर तो ते १२ जानेवारी २०२२ असं वाचतो. १५ फेब्रुवारी २०२४ला तपासणी झाली तर ते बाळ खरं चौदा महिन्यांचं, पण शीटमध्ये पंचवीस महिन्यांचं. चौदा महिन्यांच्या बाळाला दोन शब्द जोडून बोलता येत नाहीत यात काळजीचं काही नाही. पंचवीस महिन्यांच्या बाळाला येत नसतील तर पुढची तपासणी करायला हवी. एम-चॅट-आर ही ऑटिझमची प्राथमिक चाचणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे या बाळाला ती लावायलाच नको होती. शीटमधल्या वयावरून ती लागली असती आणि घरच्यांची झोप उडाली असती.

गंमत अशी की २५/१२/२०२२ ही तारीख त्या सेटिंगला कळतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. संगणक ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतो. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा उलट्या झालेल्या आणि काही तारखाच नसलेल्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे : रकान्याचं डावं-उजवं अलाइनमेंट काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. डावीकडे काही दिसलं की उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नका. जन्मदाखल्याशी एकेक ताडून पाहा. यापुढे दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. दिसायला ओबडधोबड आहे, पण कुठल्याही संगणकावर उलटं होत नाही. माहिती दुसऱ्याला देताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, २०२२-१२-०१ असं. तो आंतरराष्ट्रीय प्रघात आहे आणि त्यात गोंधळाला जागा नाही.

वयाचीच आणखी एक बाजू. ‘प्रिमॅच्युअर : होय’ असं लिहू नका. किती आठवड्यांना जन्म झाला तो आकडा लिहा. ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचं विकासाचं वय मोजताना, ४० मधून ३२ वजा जाता उरलेले आठ आठवडे कमी करायचे असतात, आणि ही दुरुस्ती साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. ‘होय’मधून आठ हा आकडा काढता येत नाही.

क्रमांकाचं दुखणं असं : एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक सांभाळतं. सरलचा क्रमांक १९ अंकी. म्हणून शेवटचे चार अंक शून्य होतात, आणि फाइल सेव्ह झाली की ते परत मिळत नाहीत. क्रमांकाने बेरीज-वजाबाकी करायची नसते, म्हणून तो संख्या नाही. टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. शून्याने सुरू होणारे तुमचे केंद्राचे क्रमांकही त्याने वाचतील.

नावं सापडत नाहीत याची कारणं दोन. जुन्या फायली युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत संगणकाला भलतीच अक्षरं दिसतात. त्या एकदाच्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं नजरेखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व इकार हमखास सरकतात. दुसरं कारण इंग्रजी स्पेलिंग. ज्ञानेश्वरीचं नाव कुणी ‘डी’पासून लिहितं, कुणी ‘जी’पासून, तर शेखचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं. म्हणून नाव देवनागरीत आणि जन्मदाखल्यावरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, दोन्ही ठेवा. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांना वेगळे रकाने द्या. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. सगळं एका रकान्यात कोंबलंत तर ‘मधलं नाव’ कुणाचं हेच कळणार नाही.

एकच मूल दोनदा लिहिलं गेलंय का हे पाहायला जन्मतारीख, आईचं नाव आणि फोनचे शेवटचे चार अंक ताडून बघा. पण जुळलं म्हणून लगेच पुसू नका. जुळी भावंडं अगदी अशीच दिसतात, आणि ती बऱ्याचदा वेळेआधी जन्मलेली असल्यामुळे आपल्या केंद्रांत नेहमी येतात. ‘जुळ्यातलं कितवं’ हा छोटा रकाना असू द्या.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. प्रत्येक ठिकाणी नव्याने सगळं विचारतात. गरोदरपणापासून सांगता सांगता माझाच गोंधळ होतो. काय जवळ ठेवू?
– एक आई, गोवंडी

उत्तर : ताई, तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण केंद्रांचे फॉर्म एकमेकांशी जुळत नाहीत. हे ओझं तुमच्यावर पडायला नको होतं. तोवर एका पानावर एवढं लिहून ठेवा, मूळ कागद मागे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

किती आठवड्यांना जन्म, वजन किती ग्रॅम, काचेच्या पेटीत किंवा एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किती दिवस. हे डिस्चार्ज कार्डावर असतं. कानाची तपासणी कोणती झाली, ओएई की बेरा, कधी, आणि डाव्या-उजव्या कानाचा निकाल वेगवेगळा. ‘कान नॉर्मल’ एवढ्याने पुढच्या डॉक्टरांचं भागत नाही. डोळ्यांची तपासणी कधी झाली. फिट येत असतील तर शेवटची कधी आली, औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम दिवसातून किती वेळा. कोणती चाचणी झाली तिचं नाव, तारीख, गुण. कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळ, कधीपासून. युडीआयडी (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कार्ड असेल तर त्याचा क्रमांक.

आणि घरात कोणती भाषा बोलता ते ठळक लिहा. घरी भोजपुरी किंवा दखनी ऐकणाऱ्या मुलाला मराठीत सूचना दिल्या आणि त्याने ऐकल्या नाहीत, तर तो त्याचा कमीपणा धरला जाऊ नये. शेवटी दोन ओळी तुमच्या शब्दांत : तो आज स्वतःहून काय करतो, आणि कशाला हात धरावा लागतो. असेसमेंटच्या रिपोर्टाची प्रत प्रत्येक वेळी मागून घ्या.

प्रश्न : मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आमच्या फॉर्ममध्ये ‘दिव्यांगत्वाचा प्रकार’ हा एकच रकाना आहे. त्यावरून मूल डोळ्यांसमोर उभं राहत नाही. पर्याय काय?
– दादर

उत्तर : तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हा रकाना हवाच, कारण २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले २१ प्रकार प्रमाणपत्राला आणि सवलतींना लागतात. पण लहान मुलांच्या बाबतीत तो दोन ठिकाणी अपुरा पडतो.

एक म्हणजे निदान बदलतं. ‘विकासातला उशीर’ हा त्या २१ प्रकारांत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असं निदान मिळतं, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचं निदान त्यानंतर होतं. एकच रकाना असेल तर नवं निदान जुन्यावर लिहिलं जातं आणि प्रवास पुसला जातो. निदानाची वेगळी शीट करा : मुलाचा क्रमांक, निदान, तारीख, कुणी केलं. प्रत्येक निदानाला नवी ओळ. जुनी ओळ कधीच खोडायची नाही.

दुसरं, सेरेब्रल पाल्सी असलेली दोन मुलं घ्या. एक भिंत धरून चालतं, दुसऱ्याला मान सावरत नाही. रकान्यात दोघांचं एकच. म्हणून मूल काय करू शकतं याची नोंद हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीएफ या, माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो याच्या वर्गीकरणात यासाठी कोड आहेत : डी ४५० चालणं, डी ४४० हातांची बारीक कामं, डी ५५० खाणं, डी ५३० शी-शू, डी ३३० बोलणं, डी ८८० खेळात रमणं. प्रत्येकापुढे अडचणीचा दर्जा : ० काही नाही, १ थोडी, २ मध्यम, ३ तीव्र, ४ पूर्ण. शेकडो कोडांच्या नादी लागू नका. आठ-दहा निवडा आणि दर सहा महिन्यांनी तेच पुन्हा भरा.

इथे दोन चुका नेहमी होतात. रिकामी जागा शून्य समजली जाते. ‘पाहिलंच नाही’ आणि ‘अडचण नाही’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आयसीएफमध्ये माहिती अपुरी असेल तर ८ आणि लागूच नसेल तर ९ लिहितात. दहा महिन्यांच्या बाळाच्या शी-शूसमोर ९ यायला हवा. दुसरी चूक म्हणजे तुमचा २ आणि सहकाऱ्याचा ३ एकाच मुलासाठी. त्याला उपाय एकच : वर्षातून दोनदा पाच मुलांचे छोटे व्हिडिओ, पालकांची परवानगी घेऊन, सगळ्यांनी एकत्र पाहायचे, आपापले दर्जे आधी स्वतंत्र लिहायचे आणि मग वाद घालायचा. वादातून निघालेला निष्कर्ष व्याख्येच्या खाली उदाहरण म्हणून टिपून ठेवा.

चाचणीचे गुण लिहिताना नुसता आकडा नको. इसा या ऑटिझम चाचणीचे ४० घटक असतात आणि गुण ४० ते २०० मध्ये येतात. ७० पासून १०६ पर्यंत सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. एम-चॅट-आरमध्ये २० पैकी ८ किंवा अधिक म्हणजेच जास्त धोका. चाचणीचं नाव नसलेला ‘७२’ किंवा ‘८’ पुढच्या केंद्राला निरुपयोगी आहे.

अंगणवाडीत किंवा बालवाडीत जिथे थेरपिस्ट नाही, तिथे युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) यांची २ ते ४ वर्षांसाठीची प्रश्नावली वापरा. दिसणं, ऐकणं, चालणं, बोटांची कामं, संवाद, शिकणं, खेळणं आणि वागणूक अशी आठ क्षेत्रं, आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरं चारच : अडचण नाही, थोडी, खूप, जमतच नाही. मात्र तिच्यावरून निदान लिहू नये. कुणाला पुढे पाठवायचं एवढ्यापुरतीच ती वापरा.

प्रश्न : अमेरिकेतली सीईडीएस ही शिक्षणाची डेटा मानकं मोफत मिळतात. तीच जशीच्या तशी घ्यावीत का?
– संगणकाचं काम पाहणारा स्वयंसेवक, बोरिवली

उत्तर : पद्धत घ्या, यादी घेऊ नका. ती मानकं तिथेही ऐच्छिक आहेत, आणि घटक, त्याची व्याख्या, उत्तरांचे पर्याय ही त्यांची मांडणी उत्तम आहे. पण पर्याय तिथल्या कायद्यांनुसार आहेत. तिथे तीन वर्षांपर्यंत एक कार्यक्रम आणि तीन ते पाचसाठी दुसरा. त्यामुळे पाठवणी आल्यापासून ४५ दिवसांत कुटुंबाच्या सेवा आराखड्याची पहिली बैठक, आणि तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी पुढच्या टप्प्याची बैठक, अशा मुदती पाळल्या जातात की नाही हे तारखांच्या रकान्यांवरून मोजतात. आपल्याकडेही मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या किंवा बालवाडीच्या वर्गात जातं आणि नेमकं तिथेच हातातून निसटतं. ‘तिसरा वाढदिवस कधी’ आणि ‘पुढच्या शिक्षिकेशी बोलणं झालं ती तारीख’ हे दोन रकाने मात्र जरूर उचला.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टांचे फोटो फिरतात. हे चालतं का?
– विश्वस्त, परळ

उत्तर : नाही, हे आजच थांबवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर गेलेला फोटो कुणाच्या गॅलरीत राहील ते सांगता येत नाही. दोन फायली करा : एकीत केंद्राचा क्रमांक, नाव, पत्ता, फोन, दुसरीत तोच क्रमांक आणि बाकी सगळं. पहिली दोघांकडेच, पासवर्डसह. चर्चा क्रमांकावर करा. तो क्रमांक नुसता अनुक्रमाने द्या. त्यात वॉर्ड किंवा निदान गुंफू नका, कारण दोन्ही बदलतात. आधार क्रमांक कामाला लागत नसेल तर लिहूनच घेऊ नका. संमतीचा कागद घरच्या भाषेत वाचून दाखवा आणि कोणती माहिती कुणाला देणार हे त्यात नावानिशी लिहा.

प्रश्न : मूल यायचं बंद झालं की आम्ही ‘ड्रॉपआउट’ लिहितो. निम्मी मुलं त्यातच जातात. यात काही सुधारणा?
– केंद्रप्रमुख, मालाड मालवणी

उत्तर : त्या एका शब्दात पाच-सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मे महिन्यात गावी गेलेलं मूल जुलैपर्यंत येतं. त्याला ‘तात्पुरता खंड’ आणि परत येण्याची अपेक्षित तारीख द्या. भाड्याची खोली सुटून नालासोपाऱ्याला किंवा कल्याणला गेलेल्याला ‘स्थलांतर’, आणि पुढे फाइल कुणाला पाठवली ते. शाळेत दाखल झालेल्याला ‘शाळेत’, सोबत शाळेचा ११ अंकी यूडायस कोड (प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी क्रमांक). शाळांची नावं सारखी असतात, कोड नसतात. उद्दिष्टं पूर्ण होऊन गेलेलं, पालकांनी स्वतः थांबवलेलं, आणि मृत्यू, हे वेगळे. ‘संपर्क नाही’ लिहिण्याआधी वेगवेगळ्या दिवशी तीन फोन आणि एक घरभेट झालेली असली पाहिजे, तारखांसकट.

थांबवण्याचं कारण पालकांना विचारून लिहा, अंदाजाने नाही. ‘आईला आवड नाही’ असं शिक्षिकेला वाटतं आणि विचारल्यावर कळतं की दोन बस बदलून, कडेवर पंधरा किलोचं मूल घेऊन यावं लागतं. कारणांच्या यादीत ‘प्रवास’ हा पर्याय असेल आणि सहा महिन्यांत त्यापुढे वीस खुणा झाल्या, तर आठवड्यातून एक दिवस थेरपिस्टने वस्तीतल्या अंगणवाडीत बसण्याची मागणी तुम्ही विश्वस्तांपुढे आकड्यासह ठेवू शकता.